खुर्चीत न बसणारी बाय

बाय खुर्चीत बसत नसे. घरात पाहुण्यांसाठी कोरीव लाकडाचा मोठा सोफा होता, ओटीवर झोपाळा होता, तरी ती आपली फरशीवर मांडी घालून बसायची आणि उठताना जमिनीला हात लावायची नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईचं ते उठणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाळिशीतली मी मनातल्या मनात शरमले. कुणी खुर्ची पुढे केली तर ती म्हणायची, "पावण्यांना दे. मना अजून गुडघं हायेत."

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आमची इमारत तिच्या बंगल्याला लागून. तिच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, मुलांनी बंगला बांधला, गाड्या घेतल्या. सारं गाव तिला बाय म्हणायचं. एका गोदामाच्या भिंतीमागे, नाल्याच्या काठाला, जमिनीची एक अरुंद पट्टी कुणाच्याच कामाची नाही म्हणून राहून गेली होती. तिथे बाय मुळा, माठ, मिरच्या लावायची, थंडीत वाल. पट्टीच्या तोंडाशी झाप, म्हणजे कुडाचं फाटक होतं. उजाडलं की कमरेला विळा खोचून निघायची. वाटेत पाळी संपवून निघालेला वॉचमन भेटायचा. "क्या रे बाबा, ड्युटी खतम? गाव में माँ कैसी हाय?" असं विचारायची आणि तो सांगेल ते सगळं ऐकून मगच पुढे जायची. सून म्हणायची, दहा मिनिटांच्या वाटेला बायला पाऊण तास लागतो.

जेवण दिवस बुडायच्या आत. तांदळाची भाकरी, माठाची भाजी, कधी सुकटीची चटणी. मुलं रात्री दहाला जेवायला बसली की ती आपल्या खोलीकडे निघालेली असायची. "पोटाला पन शिफ्ट सुटाया पायजे," एवढंच बोलायची.

माझ्या वडिलांना, अण्णांना, याच सुमाराला मी आमच्याकडे आणलं. अण्णा भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली. कारखाना बंद झाला, पाठोपाठ आई गेली. आई गेली तेव्हा ते रडले नाहीत. आमच्याकडे आल्यावर मात्र टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले ते जणू कायमचे. मी दापोड्याच्या एका गोदामात डिस्पॅचला, नवरा ठाण्याला. आम्ही संध्याकाळी परतायचो तेव्हा सकाळचा डबा तसाच असायचा, टीव्हीवर तेच चॅनल. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, त्यांना चालतं करा. पण चालतं कसं करायचं? मी विनवलं, रागावले. ते मान हलवायचे आणि बसून राहायचे. हळूहळू न्हाणीघरापर्यंत जातानाही भिंत धरायला लागले.

एका रविवारी बाय माठाची जुडी घेऊन दोन जिने चढून आली. अण्णांकडे पाहिलं आणि टीव्हीच्या बरोबर पुढ्यात फरशीवर बसली. अण्णांना चित्र दिसेना.

"तू जॉबर व्हतास नं?" तिनं विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

"माझ्या झापाची कडी गंजली. गुरं आत शिरतात. उद्या सकालचा ये."

"मला चालवत नाही, बाय."

"मंग मी हाका मारीन."

दुसऱ्या दिवशी सहाला खालून हाका सुरू झाल्या. "ए जॉबर! जॉबर रं!" सगळ्या खिडक्या उघडल्या. अण्णा आयुष्यभर लोकांच्या नजरेत न येता जगलेले. लाजेनं कानकोंडे झाले आणि तिला गप्प करायला म्हणून चपला घालून खाली उतरले. त्या दिवशी विजेच्या पहिल्या खांबापर्यंत गेले आणि धापा टाकत थांबले. बाय म्हणाली, "बस झाला. परत फिर. कडी काय पलून जात न्हाय."

कडीपर्यंत पोचायला अण्णांना अठरा दिवस लागले. कडी दुरुस्त व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण तोवर दुसरं काम निघालं होतं, मग तिसरं. मला तर संशय आहे, बाय मुद्दाम काहीतरी मोडून ठेवत असावी. गोदामांचे कंटेनर जाऊन धूळ बसली की दोघं बांधावर बसून वाल सोलायची. अण्णा घरी आले की भूक लागली म्हणायचे. एकदा मी ड्युटीवरून आले तर टीव्ही बंद होता आणि अण्णा खिडकीत मिरचीची रोपं लावत होते.

मग एका पावसाळ्यात बायचा पाय नाल्याच्या कडेला घसरला. मनगट मुरगळलं, हाड शाबूत होतं. पण थोरला मुलगा सदानंद घाबरला. आईवर जीव होता त्याचा. त्यानं पट्टीच्या झापाला कुलूप लावलं, आणि मागे रेलून पाय लांब करता येतील अशी मऊ खुर्ची आणली. आता आराम कर म्हणाला. सुना तिला ताटही हातात द्यायच्या.

तीन आठवड्यांनी मी भेटायला गेले. बाय त्या खुर्चीत होती. केस विंचरलेले नव्हते. माझ्याकडे बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "आज वार कंचा गं?"

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्या बंगल्यात गेले. मी मागोमाग.

"सदाशेठ," अण्णा म्हणाले, "तुमच्या आईला बाहेर जाऊ द्या."

"अण्णा, परत पडली तर? या वयात हाड मोडलं तर उठेल का ती?"

"इथे बसवून ठेवलंत तरी उठायची नाही. मी तसाच बसलो होतो. मुलगी सगळं हातात देत होती. मला वाटायचं, आता फक्त वाट बघायची."

हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"मी रोज सोबत जाईन," अण्णा म्हणाले. "हात ती धरू देणार नाही, पण मी शेजारी असेन."

खुर्चीतून बायचा आवाज आला, "सदा, चावी दे."

त्यानं चावी दिली. वर आठवड्याभरात नाल्याच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या बांधून दिल्या, लोखंडी कठडाही बसवला. तो कठडा बायनं कधी धरला नाही. त्यावर ती ओलं लुगडं वाळत घालायची.

त्यानंतर दोन वर्षं दोघं रोज गेली. तिसऱ्या वर्षी, पौषातल्या एका दुपारी, बाय जेवून सतरंजीवर आडवी झाली आणि झोपेतच गेली. अण्णा स्मशानापर्यंत चालत गेले, चालत आले. घरी आल्यावर म्हणाले, "तिची धाकटी बहीण असते गणेशपुरीला. गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही. उद्या जाऊन येतो."

"रविवारी मी येते ना सोबत."

"रविवारपर्यंत ती बाई एकटी बसेल," ते म्हणाले.

पंच्याहत्तरीचे अण्णा सकाळच्या एसटीनं एकटेच गेले. संध्याकाळी परतले तेव्हा घसा पार बसला होता.

"तिला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "तीन तास ओरडून बोललो."

"काय बोललात एवढं?"

"बायबद्दलच. लग्न होईपर्यंत दोघी बहिणी खाडीत पोहायच्या म्हणे. बायच्या सासरी शेवटपर्यंत कुणाला पत्ता नव्हता." अण्णा हसले. हसता हसता त्यांना रडू फुटलं. लहान मुलासारखे रडले, बराच वेळ. मी जवळ बसून राहिले.

मग उठले, तोंडावर पाणी मारलं, टॉवेलनं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "गणेशपुरीची पहिली गाडी किती वाजता सुटते गं?"