शिवक्काकडं जाणाऱ्या रेघा

दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये पडदे ओढून अंधार केला होता. भिंतीवर मशीनमधून उजेडाचं चित्र पाडलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि दारातच थांबले. चित्रात वर्तुळं होती. बरीचशी लहान, मधोमध एक मोठं. लहान वर्तुळांतून रेघा निघत होत्या आणि सगळ्या त्या मोठ्या वर्तुळात जाऊन मिळत होत्या. मोठ्या वर्तुळात एकच अक्षर होतं. श.

ते चित्र मी ओळखलं. ओळखणारच. मीच काढलेलं होतं.

धारवाडहून अभ्यासाला आलेल्या मळमड्डीच्या बाई छडीनं रेघा दाखवत इंग्रजीत बोलत होत्या. समोर डॉक्टर, मेट्रन, ट्रस्टचे लोक आणि मोठे साहेब. मी दोन पावलं पुढं गेले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्या रेघा मी काढल्यात."

तो आवाज आठवला की आजही मला हसू येतं. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीचा आवाज. आता बक्षीस द्या म्हणणारा.

हॉल हसला. मोठे साहेब हसत म्हणाले, "अक्का, चहा ठेव आणि जा. हे तुझ्या कामाचं नव्हे."

माझ्याच कामाचं होतं ते. भिंतीवर दुसरं काही नव्हतंच. मी बाईंकडं बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या तरी चाललं असतं. बाईंनी हातातल्या कागदात डोकं घातलं. मी कप मांडले. एका बशीत चहा सांडला, तो पदरानं पुसला. बाहेर आले.

मी हुबळीच्या त्या दवाखान्यात आया होते. अळणावरकडच्या खेड्यातनं लग्न होऊन आलेली, मराठी सातवी शिकलेली. फरशी पुसायची, भांडी द्यायची-काढायची, बाळंतिणीला उठवायचं-बसवायचं, मेलेल्याला गुंडाळायचं. ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. वर साहेब, खाली डॉक्टर, त्याखाली मेट्रन, सिस्टर, सुपरवायझर. अगदी तळाला एक चौकोन, त्यात 'इतर'. आम्ही सोळा बायका त्या 'इतर'मध्ये राहत होतो.

सुपरवायझर रोज कामाची यादी लावायचा. आम्ही ती वाचायचो आणि मागच्या नळावर जायचो. तिथं शिवक्का बसलेली असायची. आमच्यातली सगळ्यात जुनी आया. ती बादली पालथी घालून त्यावर बसायची आणि खरी वाटणी करायची. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा काल पिऊन आला, कुणाचं पोर तापानं पडलंय, सगळं तिला ठाऊक. त्याप्रमाणं ती बायका इकडच्या तिकडं करायची. तिचा एक नियम होता. जिच्या घरात मयत झालंय तिला वर्षभर प्रेताला हात लावू द्यायचा नाही. ते काम ती स्वतः करायची. आणि जिचं मूल गेलंय तिला पोरांच्या वॉर्डात कधीच पाठवायचं नाही. वर्ष नाही, दोन वर्षं नाही. कधीच.

माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली होती. चार वर्षं मी पोरांच्या वॉर्डाचा उंबरा ओलांडला नव्हता. यादीत नाव कितीदा आलं असेल. मी नळावर जायचे, शिवक्का माझ्याकडं न बघताच म्हणायची, "नीनु मेल होगु." तू वर जा. वर म्हणजे म्हाताऱ्यांचा वॉर्ड. बस. त्यावर कधी बोलणं नाही.

अशात बाई आल्या. धारवाडला संशोधन करत होत्या. संस्था कशी चालते, माणसं एकमेकांना कशी धरून असतात, याचा अभ्यास. साहेबांची परवानगी घेऊन आल्या होत्या. सोळा बायकांत मराठी लिहिता-वाचता येणारी मी एकटी, म्हणून मला धरलं. "अगं, तू आपल्यातली," असं म्हणाल्या. आपल्यातली. मला तर पंखच फुटले.

रविवारी मी मळमड्डीला त्यांच्या घरी जायचे. इरकली नेसून, तोंडाला पावडर लावून. कशाला? तर दवाखान्यात फरशी कोण पुसतं ते सांगायला. बाईंनी मला खुर्ची दिली. दवाखान्यात सिस्टरसमोर मी कधी खुर्चीत बसले नव्हते, त्यामुळं ही खुर्ची मी गावभर सांगितली. खुर्ची व्हरांड्यात होती आणि बाई उंबऱ्याच्या आत बसायच्या, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण खुर्ची मिळालेल्या बाईला उंबरा कशाला दिसतोय.

बाईंनी पहिल्या दिवशीच समजावलं. "ऑफिसातला तक्ता म्हणजे संस्था नव्हे. अडचण आली की कोण कुणाकडं जातं, त्याच्या रेघा काढायच्या. संस्था त्या रेघांत असते."

हे मला फार आवडलं. आजही आवडतं. खोटं नाहीच ते. नळावर जे चालायचं त्याला कुणी नाव देईल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून मी भडाभडा बोलले. कोण कुणाकडं जातं, कशासाठी जातं. बाई विचारायच्या एक, मी सांगायचे चार. पेन्सिल माझ्या हातात दिली तेव्हा तर मी रेघा गिरवून गिरवून जाड केल्या. शिवक्काकडं जाणारी माझी रेघ सगळ्यात जाड.

आणि एक सांगितलं. शिवक्काला दिसत कमी होतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिला वाचता यायच्या नाहीत, पायरी चुकायची. आम्ही तिला कुठं एकटी सोडत नव्हतो, पाळीपाळीनं एकजण तिच्यासोबत राहायची. हे मी अभिमानानं सांगितलं. बघा, आम्ही एकमेकींना कसं सांभाळतो. बाई म्हणाल्या, "किती सुंदर आहे गं हे." आणि लिहून घेतलं.

हॉलमधल्या त्या दिवसानंतर दहा-बारा दिवसांनी शिवक्काला ऑफिसात बोलावलं. डोळे तपासले. रुग्णांच्या जिवाला धोका आहे म्हणून कामावरून काढलं. आम्हा बाकीच्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर पांगवलं, आणि नळाच्या जागेला जाळी ठोकून कुलूप लावलं.

साहेबांचंही चुकलं असं छातीठोक म्हणता येत नाही. दवाखान्यात न दिसणारी आया ठेवावी का? नाही ठेवू. दुसरं बिनधोक काम देता आलं असतं, तेवढं डोकं कुणी चालवलं नाही. पण बाईंनी साहेबांना दिलेल्या कागदात खोटं काहीच नव्हतं. माझं दुखणं तेच आहे. मी खोटं बोलले असते तर निदान माफी कशाची मागायची ते कळलं असतं.

जायच्या दिवशी शिवक्का नळावर आली. जाळीचं काम अजून व्हायचं होतं. आम्ही सगळ्या उभ्या. तिनं कुणावर आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "अवरिग यार हेळ्यार?"

त्यांना कुणी सांगितलं?

चौदा जणी गप्प. त्या गप्प होत्या कारण त्यांना माहीत नव्हतं. मी गप्प होते कारण मला माहीत होतं. मी बादलीत बघत राहिले. बादलीत पाणी होतं, पाण्यात माझं तोंड होतं. पावडर लावून मळमड्डीला जाणारं तोंड. शिवक्का बराच वेळ थांबली. मग पिशवी उचलली आणि भिंतीला हात लावत लावत गेली. मी तिला गेटपर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही. पाळी त्या दिवशी माझी होती.

पुढच्या आठवड्यात यादीत माझं नाव पोरांच्या वॉर्डाला आलं. नळ नव्हता, नळावर कोणी नव्हतं. मी सुपरवायझरकडं गेले. तो म्हणाला, "यादीत आहे तसं कर." तिसऱ्या दिवशी एक मूल गेलं. मुलगी. वर्षाच्या आतली. सिस्टर म्हणाली, गुंडाळ. मी गुंडाळलं. त्याबद्दल ह्याहून जास्त लिहिता येत नाही.

सात-आठ महिन्यांनी बाईंचा निरोप आला. मी गेले. या वेळी पावडर लावली नाही. खुर्ची तिथंच होती, व्हरांड्यात. मी बसले नाही. बाईंच्या हातात कोरा कागद होता.

"शिवक्का गेल्यावर रेघा कशा बदलल्या ते बघायचंय," त्या म्हणाल्या. "अभ्यासाला असा योग सहसा मिळत नाही गं."

मी कागद घेतला. पायरीवर टेकून त्यावर एक वर्तुळ काढलं. म्हणाले, ही मी. दुसरं काढलं, ह्या तुम्ही. तिसरं, हे साहेब. माझ्यापासून बाईंपर्यंत रेघ ओढली, बाईंपासून साहेबांपर्यंत ओढली. गिरवली. कागद फाटेपर्यंत गिरवली.

बाई म्हणाल्या, "अगं, मी तुमच्या संस्थेत नाही. मी बाहेरून बघते."

"बाहेरून बघितलं आणि आतलं माणूस गेलं?"

"मी तिचं नाव कुठंही लिहिलं नव्हतं. फक्त श लिहिलं होतं."

"बाई, आमच्यात श एकच होती."

त्यांचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हत्या त्या. वाईट असत्या तर मला हे सगळं सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "हे चित्र मला प्रबंधात घालता येणार नाही."

"मग बाकीचंही घालू नका."

"ते आता छापायला गेलंय."

मी पेन्सिल उंबऱ्याच्या आत ठेवली, त्यांच्या पायापाशी. आणि सांगितलं, "मी आजपासून काही सांगणार नाही. तुम्हाला नाही, तुमच्यासारख्या कुणालाच नाही." हे सांगताना माझा आवाज फाटला. शूर वगैरे काही वाटलं नाही. बसस्टॉपपर्यंत रडत गेले, आणि रडताना वाटत होतं की आता शिवक्काकडं जायला मी मोकळी झाले. काय पण शहाणी.

शिवक्का अमरगोळला भावाकडं राहत होती. बाजार जवळ, म्हणून घरात मिरच्या आणून देठं काढायचं काम चालायचं. ती भिंतीला टेकून चाचपत चाचपत देठं काढत होती. डोळे आता पुरते गेले होते. मी नाव सांगितलं नाही, नुसती समोर बसले. तिनं पावलांवरून ओळखलं. मी सांगून टाकलं. मीच सांगितलं, बाईंना मीच सांगितलं.

"ननग गोत्तित्त," ती म्हणाली. मला माहीत होतं.

हात थांबला नाही तिचा. मग म्हणाली, "त्या दिवशी नळावर तू बोलशील म्हणून थांबले होते."

मी वाट बघत बसले. आणखी काही बोलेल, जाऊ दे म्हणेल, निदान शिवी देईल. ती देठं काढत राहिली. मिरच्यांच्या खकाण्यानं मला ठसका लागला. भावजयीनं पाणी दिलं. मी प्याले आणि उठले. त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा तिनं देठं काढली. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती वारली होती.

आता माझ्या मुलाची मुलगी विद्यानगरच्या कॉलेजात शिकते. गेल्या महिन्यात आली आणि मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आज्जी, मला प्रोजेक्ट करायचाय. संस्था ही सामाजिक रचना असते, त्यावर. तुझ्या दवाखान्यातल्या आता ज्या बायका आहेत ना, कंत्राटावरच्या, त्यांच्यात खरं कोण चालवतं ते बघायचंय. तुझी ओळख आहे. तू घेऊन चल."

तिचे डोळे चमकत होते. मला माहीत आहेत असे डोळे.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण मी नावं बदलेन ना. दवाखान्याचंसुद्धा."

"लिहिलेलं आधी त्या बायकांना कन्नडमध्ये वाचून दाखव. त्या खोडा म्हणतील ते खोड. ऑफिसात द्यायचं की नाही तेही त्याच ठरवतील."

"आज्जी, मग तो अभ्यासच राहत नाही. सर घेणार नाहीत."

"न घेऊ देत."

ती ताडकन उठली. तीन रविवार आली नाही. एकच नात आहे मला. तिच्या वाटणीचं ताट वाढून मी दुपारपर्यंत बसते, आणि मग ते शेजारी देते. परवा फोनवर म्हणाली, तू नाही आलीस तर मी एकटी जाईन, साहेबांचं पत्र घेऊन. जाईलही. माझीच आहे.

सोमवारी मी तिच्या आधी जाणार आहे. सकाळी कामाची पाळी बदलते तेव्हा गेटवर उभी राहणार. त्या बायकांना सांगणार, एक पोरगी कागद घेऊन येईल. गोड बोलेल, कारण ती गोडच आहे. तिला बसायला द्या, पाणी द्या. आणि तिनं काही विचारायच्या आत तुम्ही तिला विचारा, हा कागद कुणाकुणाच्या टेबलावर जाणार. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका. पुन्हा विचारलं तरी नाही, रडली तरी नाही.

ती माझी नात आहे, हेही मी त्यांना सांगणार आहे.