एका मुळाचे शब्द

खळ लावलेला कागद जळल्याचा वास आला की मला करी रोडची आमची खोली आणि शेगडीपुढे बसलेली आई दिसते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरणीत बदली कामगार असलेल्या दादाला जुन्या, कुणी न वापरणाऱ्या इंग्रजी शब्दांचं वेड होतं. रद्दीतून आणलेल्या डिक्शनरीत तो एका मुळाचे शब्द शोधायचा आणि कापडाच्या ताग्यांवरच्या तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर त्यांचं झाड काढायचा. खाली लॅटिनमधला 'हात', वर फांद्यांना मॅनकल म्हणजे हातकडी, मॅन्युमिट म्हणजे गुलामाला मुक्त करणं, मॉर्टमेन म्हणजे मेलेला हात. "एका घरची माणसं गं ही, आता कुणी विचारत नाही त्यांना," म्हणायचा. एका दुपारी मोर्चात पोलिसांनी त्याला पकडलं आणि चाळीत झडतीची बोंब उठली. आईने दादाच्या ट्रंकेतली तिकिटं माझ्यासमोर धरली. "बघ गो, काय लिवलाहा? चळवळीचा तर नाय?" मी मराठी चौथीत होते, इंग्रजीचं एक अक्षर ओळखत नव्हते, पण घरात शाळेत जाणारी मीच, म्हणून ऐटीत म्हणाले, "चळवळीचंच आहे." आईने सगळी झाडं शेगडीत घातली. झडती झालीच नाही. दोन महिन्यांनी सुटून आलेल्या दादाने रिकामी ट्रंक पाहिली, "बरं केलंस, आई," एवढंच म्हणाला आणि आईने छापील म्हणून न जाळता ठेवलेली डिक्शनरी रद्दीवाल्याला देऊन आला. पुन्हा त्याने पेन धरलं नाही. आई जन्मभर स्वतःला दोष देत राहिली. पुढे मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता दोघंही नाहीत, आणि त्या दुपारी मला ते वाचताच येत नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.