माइक वर्ध्याचा, माणसं आंजीची

पक्षाचं काम करून पदरात काय पडतं? पद नाही, किस्से! माझ्याकडे तर एकट्या विनायकभाऊंचेच ढीगभर साचलेत. विनायकभाऊ वर्धा शहराचे, मी जवळच्या आंजी गावचा. पक्ष एक, झेंडा एक. फक्त सभा असली की ट्रॅक्टर भरून माणसं मी आणायची आणि माइक त्यांनी धरायचा. जळायचो मी! का नाही जळणार?

*

एका प्रचारसभेत मी स्टेजवर चढलो. विनायकभाऊ कानाशी लागले, "तू खालीच बस बे. तू वर आला तं तुह्ये लोक उठून जातीन!"

आणि लगेच माइकवर शुद्ध मराठीत, "बंधू-भगिनींनो, ग्रामीण भाग हाच आमच्या पक्षाचा आत्मा आहे!"

आत्मा सतरंजीवर बसला होता.

*

एका वर्षी आमच्या गावच्या पोळ्याला पाहुणे म्हणून हेच आले. बैलजोड्या सजून तोरणाखाली उभ्या. तोरण तुटलं की बैल उधळतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विनायकभाऊंनी खिशातून कात्री काढली, उद्घाटनाची! तोरण कापलं आणि फोटोसाठी हसत तिथेच उभे राहिले, बैलांकडे पाठ करून.

फोटो पेपरात आला. त्यात बैल होते आणि एक चप्पल. खाली छापलं होतं, 'विनायकभाऊंच्या हस्ते पोळा उत्साहात.'

पळाले तरी नाव त्यांचंच!

*

दुसऱ्या दिवशी वर्ध्यात तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा. आमच्या गावात पहिल्या आलेल्या जोडीला टॉवेल अन् नारळ मिळाला होता. तिथे चाकं लावलेल्या लाकडी बैलाला चक्क सायकल! तो नारळ जिंकलेले आमचे रामभाऊ सोबत होते. किती तरी वेळ त्या सायकलकडे बघत राहिले.

"पुढच्या साली मी बी माह्या ढवळ्याले चाकं लावतो!"

*

भारनियमनाविरुद्ध वर्ध्यात मोर्चा काढला. माणसं माझी, घोषणा विनायकभाऊंच्या. थकूनभागून घरी पोचतो तोच फोन वाजला. "अबे, मी टीव्हीवर दिसून राह्यलो! पाह्यलं का?"

"कायच्यावर पाहू, भाऊ? लाइट कुठं हाय?"

"अस्सं? इथं तं हाय!"

*

मग जिल्हा परिषदेची आमची जागा महिलांसाठी राखीव झाली. इतकी वर्षं राबलो, आता तिकीट आपल्याच घरात, असं मी धरून चाललो होतो. तिकीट मिळालं विनायकभाऊंच्या बायकोला, सुनीताला! कारण काय, तर ती आंजीची लेक. आणि माझी बायको वर्ध्याला खेटलेल्या नालवाडीची, म्हणून ती शहरातली! डोकं असं फिरलं की मी बायकोचा अपक्ष अर्ज भरून टाकला. तिची सही घेतली, विचारायचं तेवढं राहूनच गेलं.

अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी जोडपं दारात हजर. मी तोंड फिरवलं. आई मात्र लगबगीनं उठली. "गावचा जावई हाय. पाय धुवाले पाणी दे त्याईले."

तांब्या घेऊन मी वाकलो. विनायकभाऊंनी निवांत एकेक मोजा काढला आणि पाय पुढे केले. "जरा टाचेवर टाक."

आत आईनं सुनीताची ओटी भरली. "माहेरी आली बाई, आणखी काय पाह्यजे सांग."

"काही नोको, काकू. वहिनीचा अर्ज तेवढा मागं घ्या."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. आता ही तरी भांडेल, एवढीच आशा उरली होती!

बायको पदराला हात पुसत म्हणाली, "अर्ज मागं घ्याले वर्ध्याले जा लागन ना? मंग दोन दिवस माहेरी राहाले भेटन!"