माझा रस्ता मी तिथेच ठरवीन

माझ्या मुलाचं काम कॉम्प्युटर नेटवर्कचं, चेन्नईत पेरुंगुडीच्या ऑफिसात. नोकरीतल्या परीक्षेच्या अभ्यासाला पुस्तक माझ्या हातात द्यायचा, "आई, तू प्रश्न विचार." मी सातवी शिकलेली; अक्षरं जुळवत विचारायची, आणि मलाही कळेपर्यंत त्याला सोडायची नाही. मग बिचारा घास हातात धरून समजवायचा. राउटर म्हणजे नाक्यावरचा माणूस. आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, पुढच्या कुठल्या नाक्याकडे द्यायचं, एवढंच तो बघतो. काही ठिकाणी रस्ता आधीच लिहून ठेवलेला. पुढे कुठे तो तुटला तरी हा आपला तिकडेच ढकलत राहतो. आणि काही ठिकाणी राउटर शेजाऱ्यांशी बोलत असतात, काय चालू, काय बंद, आणि आपले आपण रस्ता बदलतात. मला हे दुसरे फार आवडले. आवडणारच, मी जन्मभर विचारत विचारतच चालले आहे.

तर भांडणाचं सांगते. दर गुरुवारी मी मैलापूरला मैत्रिणीकडे जायची. ती पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची. मराठी जुन्या वळणाचं, वर तमिळ हेल. पडल्यापासून तिला जिना उतरवत नव्हता. आम्ही पुस्तक मोठ्याने वाचायचो, त्यावरून भांडायचो, कॉफी प्यायचो. अख्ख्या चेन्नईत मला "अगं" म्हणणारी ती एकटीच.

मुलाने रस्ता ठरवून दिलेला: घराजवळून थेट बस, मध्ये उतरायचं नाही. एका गुरुवारी मोठा रस्ता रुंदीकरणासाठी खणलेला, बस उन्हात ठाण मांडून बसली. मीही बसले, उतरायचं नव्हतं ना! मोबाइल घरी चार्जिंगला. कशीबशी परतले तर मुलगा दारात, चेहरा पांढराफटक.

"बास, आई. गुरुवार बंद. मला सुट्टी मिळेल तेव्हा मी नेईन."

"तुला सुट्टी मिळेपर्यंत ती काय कॉफी धरून बसेल? चूक रस्त्याची आणि बंदी मला? तू लिहून दिलेल्या वाटेवरच अडकले मी, तुझ्या पॅकेटासारखी!"

तो हसला नाही. "राउटरला गुडघे नसतात, आई. चक्कर येत नाही."

हे खरं होतं. पण मी हटणार नव्हते. "टप्पे कमी म्हणजे रस्ता चांगला, असं नाही, हे तूच सांगितलंस. टप्पे मोजणारी पद्धत जुनी. दुसरी बघते रस्ता ऐसपैस किती. मी शेअर ऑटोने तिरुवान्मियूरला जाईन, पुढे पुलावरून धावणारी ट्रेन. तिच्याखाली कोण खणतंय?"

"आणि तू कुठे आहेस हे मला कसं कळणार?"

"तुझ्या राउटरांना कसं कळतं?"

"थोड्या थोड्या वेळाने शेजाऱ्याला हॅलो पाठवतात. बराच वेळ हॅलो आला नाही की शेजारी मेला समजायचं." म्हणाला आणि जीभ चावली.

"मेलेली नाही मी अजून. प्रत्येक वेळी गाडी बदलताना मिस्ड कॉल देईन. तू उचलायचा नाहीस, आणि कुठून चाललीस असं विचारायचं नाहीस. आलाच नाही, तर मात्र धावत ये."

"मी मीटिंगमध्ये असलो तर?"

"खिशात हात घालायला बंदी आहे का मीटिंगमध्ये?"

पुढच्या गुरुवारी निघालेच. तिरुवान्मियूरला उतरून मिस्ड कॉल दिला. स्टेशनबाहेरची फूलवाली म्हणाली, "ट्रेन नाही आज, अम्मा. सगळे परत येतायत." समोरची बस कुठवर जाते हे तिलाच विचारलं आणि चढले. अड्यारला बस बदलताना पुन्हा कॉल केला, तर याने उचलला!

"आई, कुठून—"

"ठेव!" म्हटलं, आणि मीच कापला.

मैलापूरला मैत्रीण दारातच खुर्ची टाकून बसलेली. "किती उशीर गं! कॉफी निवली." मी जिन्यातच शेवटचा मिस्ड कॉल दिला, दम खाल्ला, आणि पुस्तक उघडलं. तेवढ्यात माझा फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. मुलाचा होता.

"उचलला का नाहीस? तुझा लेक असेल," मैत्रीण म्हणाली.

"उचलायचा नसतो," मी म्हटलं, आणि वाचायला लागले.