सातला वाढलेलं ताट

सौंसरला आमच्या घरी पुरुष जेवल्याशिवाय बायका जेवत नसत. नवरा पांढुर्ण्याचं दुकान बंद करून दहाला यायचा. त्याचं आटोपलं की मी झणझणीत रश्शासोबत भाकर खाऊन लगेच आडवी व्हायची. मग छातीत आग उठायची, घशाशी आंबट पाणी यायचं, आणि मी भिंतीला टेकून रात्र काढायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी झोपायच्या तीन तास आधी जेवायला, तिखट-तेलकट कमी करायला आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायला सांगितलं. त्याच संध्याकाळी सात वाजता मी स्वतःचं ताट वाढून घेतलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माणसायच्या आधी जेवून राहिली? लाज नाही वाटत तुले?"

"छाती माही जळते, आई," मी म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

रात्री नवरा विटांवर भडकला. "मी काय घसरत झोपू?" म्हणत त्यानं त्या काढून अंगणात फेकल्या. मी उचलून आणल्या आणि त्याच्या देखत पुन्हा लावल्या. "तुमचं जेवण उद्यापासून झाकून ठेवीन. वाढून घेत जा."

महिनाभरात जळजळ थांबली. सासूबाईंनी बोलणं टाकलं. शेजारणींना त्या सांगत फिरल्या, सून माजली आहे. मी मनधरणी केली नाही. इतकी वर्षं मी रात्र रात्र बसून काढली, तेव्हा दोघांपैकी कोणीही उठून मला पेलाभर पाणी दिलं नव्हतं.