रातपाळीची तारीख

“ताई, एकच सांगा. दिवाळीनंतर आमचं हे चालणार हाय का न्हाय?”

फोनवर अण्णा होते. इचलकरंजीत त्यांच्या यंत्रमागाच्या शेड आहेत. आमचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा त्यांनी घेतलं आणि त्यांचं बघून गावातल्या बऱ्याच शेडवाल्यांनी घेतलं. कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणी किती मीटर कापड काढलं, ते त्यात भरायचं. काम एवढंच. पण कामगारांचा हिशोब त्यावरच होतो, त्यामुळे ते एक दिवस बंद पडलं तरी शेडमध्ये बोंबाबोंब होते.

“चालेल, अण्णा,” मी म्हणाले.

चालेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. आम्हाला सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा मेल समोर उघडा होता. तुम्ही वापरता ते सगळं फार जुनं झालंय, दिवाळीनंतर आम्ही त्याला आधार देणार नाही, असं त्यात अगदी नम्रपणे लिहिलं होतं. असे मेल नेहमी नम्रच असतात.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत. माणसं पाच. मिलिंद सर मालक. मी डेव्हलपर. दोघे जण दुसऱ्या क्लायंटची कामं बघायचे. आणि सगळ्यात जुने प्रकाशदादा, कुरुंदवाडहून रोज एसटीने येणारे. हे सॉफ्टवेअर त्यांनी एकट्याने लिहिलेलं होतं.

फ्रेमवर्क म्हणजे काय, ते शेडच्याच उदाहरणाने सांगते. शेड बांधताना खांब, तुळया, पत्रा तयार मिळतो. तो सांगाडा उभा केला की आत माग कसे मांडायचे ते तुम्ही ठरवायचं. वेबसाइटचंही तसंच. तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. तो बनवणारे लोक वेगळे असतात आणि ते अधूनमधून नवी आवृत्ती काढत राहतात. वेळच्या वेळी घेत गेलं तर त्रास होत नाही. आम्ही कित्येक वर्षं घेतली नव्हती. चालतंय की, कशाला हात लावायचा, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे.

आता दोनच वाटा होत्या. अपग्रेड, म्हणजे माग जाग्यावर ठेवून त्याच सांगाड्याची नवी आवृत्ती बसवायची. किंवा स्विच, म्हणजे वेगळाच सांगाडा घेऊन सगळं पहिल्यापासून बांधायचं.

“सुजाता, अपग्रेड की स्विच, मला दोन पानांत लिहून दे,” सर म्हणाले. “माझ्या मतानं स्विच. हल्ली पोरं कॉलेजातनं नवीनच शिकून येतात. जुन्याला माणूस कुठं मिळतोय?”

“प्रकाशदादा आहेत की.”

“ते हाईत म्हणूनच म्हणतोय,” सर म्हणाले आणि मोबाइल बघायला लागले.

मला अपग्रेडच हवं होतं. त्याचं कारण टेक्निकल नव्हतं, ते सरळ सांगते. प्रकाशदादांनी पन्नाशी ओलांडली होती. हयात एकाच फ्रेमवर्कवर गेली होती. ते फ्रेमवर्कच गेलं तर कोल्हापुरात या वयात त्यांना दुसरी नोकरी मिळणार नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कामाला लागताना मी ठरवूनच टाकलं होतं, की अपग्रेड कसं शक्य आहे ते दाखवायचं.

पहिली पायरी साधी असते. आपल्याकडे आहे त्याच आवृत्तीची कोरी प्रत नेटवरून घ्यायची आणि आपल्या प्रतीशी ताडून बघायची. सांगाड्याच्या फाइलींत एकही फरक निघायला नको. आपलं काय ते फ्रेमवर्कच्या बाहेर लिहायचं, आत हात घालायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. कारण नवी आवृत्ती बसवली की आतल्या जुन्या फाइली जातात आणि त्यांच्याबरोबर तुम्ही केलेले बदलही जातात.

फरक असेल ती ओळ लाल दिसते. मी ताडून बघितलं आणि स्क्रीन लाल झाली. खाली सरकत गेले, तरी लालच. तारखेच्या फाइलीत एका ओळीवर मराठीत टीप होती: ‘रातपाळीसाठी. काढू नये.’ मी प्रकाशदादांना हाक मारली.

प्रकाशदादांनी शेजारी खुर्ची ओढली.

“ते मीच केलंय,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरची तारीख रात्री बाराला बदलती. शेडमध्ये न्हाय बदलत. रातपाळी संध्याकाळी सातला लागती, सकाळी सातला सुटती. माणूस एक, पाळी एक, आणि कापड दोन तारखांत तुटायचं. निम्मं काल, निम्मं आज. रोज भांडणं. मग मी फ्रेमवर्कचं घड्याळच सकाळच्या सातवर नेलं.”

“बाहेरनं करता आलं असतं, दादा.”

“आलं असतं की. पण शंभर ठिकाणी लिहायला लागलं असतं. आणि अण्णा हितं येऊन बसलेलं. आज करून दे, न्हाईतर उठत न्हाय म्हणालं. आत एका जाग्यावर बदललं, सगळीकडं लागू झालं. अण्णा खूश, सर खूश. मग तीच सवय लागली.”

तो मूर्खपणा नव्हता. त्या दिवशी त्या खुर्चीत मी असते तर मीही तेच केलं असतं. पण पुढे प्रत्येक शेडची तऱ्हा तशीच आत गेली. कुणाची सुट्टी शुक्रवारी, कुणाची सोमवारी. कुणाला फाटका माल वेगळा दाखवायचा, कुणाला दाखवायचाच नाही. खांबांनाच सगळं वेल्डिंग करून टाकलेलं. आता खांब बदलायचे कसे?

“अपग्रेडला किती वेळ जाईल?” त्यांनी विचारलं.

“आतलं सगळं सोडवून बाहेर काढायला लागेल. नवीन लिहिण्याहून जास्तच.”

“म्हंजे स्विच.”

मी लाल ओळी खाली सरकवत राहिले.

“मग तसं लिही की. गप का बसलीस?”

“तुमचं काय, दादा?”

“माझं काय ते रिपोर्टात लिवायचं नसतंय,” ते म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

मी स्विच लिहिलं. दुसरं काही लिहिणं खोटं झालं असतं. शेवटी मात्र एक परिच्छेद घातला. नवं काम प्रकाशदादांच्या देखरेखीखालीच व्हावं, शेडचे सगळे नियम त्यांनाच माहीत आहेत, आणि त्यांना नवं शिकायला सवड द्यावी. सरांनी पहिलं पान वाचलं आणि “गुड” म्हणाले. दुसरं पान उघडलंसुद्धा नाही.

दादा शिकत होते. जेवणानंतर रोज माझ्याशेजारी बसायचे. हळू जमत होतं, पण जमत होतं. एक लॉगिनचं पान त्यांनी स्वतः तयार केलं आणि मला हाक मारून दाखवलं. त्याच आठवड्यात सरांनी दोन नव्या पोरांना कामावर घेतलं आणि दादांना सांगितलं, “यांना केटी द्या.”

केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आपल्याला जे जे माहीत आहे ते येणाऱ्याला सांगायचं. शब्द भारदस्त आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच असतो की, आता तुम्ही निघा.

मी सरांशी भांडले. म्हणजे, मला जेवढं भांडता येतं तेवढं. “शिकू देत की, कोण नको म्हणतंय? पण दिवाळी थांबणार हाय का?” असं ते म्हणाले. त्या दिवशी मला या धंद्याचा मनापासून वीट आला.

दादांनी केटी दिली. त्या पोरांना एकेका शेडची खोड समजावून सांगितली. ती विसरली की पुन्हा सांगितली. मला ते बघवेना. एकदा पोरं बाहेर गेल्यावर मी म्हणाले, “दादा, सगळं सांगू नका. एखादं ठेवा मागं. सरांना तुम्हाला फोन करायला लागू दे.”

“आणि रातपाळीच्या कुणाचं तरी कापड दुसऱ्याच्या नावावर पडलं म्हंजे? त्यानं काय केलंय गं?”

मग मी पुन्हा तो विषय काढला नाही.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सकाळी मी अण्णांच्या शेडमध्ये होते. दादा तोवर नोकरी सोडून गेले होते. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. शेडचा हिशोब बघणारे दिवाणजी आणि मी स्क्रीनसमोर उभे होतो. सात वाजले. तारीख बदलली. रातपाळीचं सगळं कापड एकाच तारखेवर, ज्याचं त्याच्या नावावर.

“झ्याक!” अण्णा म्हणाले. “आमचा प्रकाश न्हाय आला व्हय?”

“ते आता नाहीत आमच्याकडे.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “चहा घ्या,” म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादांचा होता. ऐकू येईना म्हणून मी बाहेर रस्त्यावर आले.

“बदलली का?” त्यांनी विचारलं.

“बदलली.”

“रातपाळीचं एकत्र आलं?”

“आलं, दादा.”

“मग झालं की.” पुढे म्हणाले, “काय न्हाय. सवयीनं उठलो हुतो, म्हणून लावला.”

मला रडू आलं. चहा न घेताच मी कोल्हापूरची एसटी पकडली.

सॉफ्टवेअर उत्तम चाललंय. दादांना परत बोलवावं लागेल अशी एखादी चूक मी अजून शोधते, पण ती सापडत नाही. त्यांनी केटी फार चांगली दिली. हल्ली ते कुरुंदवाडात मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात.

अपग्रेड करू की स्विच, असं मला लोक अजून विचारतात. मी सांगते, हा प्रश्न पडेपर्यंत थांबू नका. दर वेळी नवी आवृत्ती आली की घ्या, कंटाळा आला तरी घ्या. आम्ही तसं केलं असतं तर तारखेची ती ओळ पहिल्याच अपग्रेडला उघडी पडली असती, दादांनी दोन दिवस बसून ती बाहेर काढली असती आणि आजही ते माझ्या शेजारी बसलेले असते.

गेल्या आठवड्यात आमच्या या नव्या फ्रेमवर्कची पुढची आवृत्ती आली. आता मला याच्याशिवाय दुसरं फारसं येत नाही आणि माझीही पन्नाशी जवळ आलीय. मी लगेच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, ही आत्ताच घेऊ या.

“चालतंय की,” सर म्हणाले. “कशाला हात लावायचा?”