दिराची छाती

माझ्या दिराची छाती दोन बोटं कमी भरली आणि त्यापायी आमचं घर वर्षभर येडं झालं. येडंच म्हणते मी. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. औराद तालुक्यातलं, कर्नाटकात मोडणारं आमचं गाव. आम्ही बौद्ध. थोडी कोरडवाहू जमीन, तूर, ज्वारी, दोन म्हशी. सासऱ्यांची एकच आस, धाकट्यानं पोलीस व्हावं. ज्या गल्लीतून आपण मान खाली घालून गेलो तिथून आपलं पोरगं टोपी घालून जाईल, असं ते म्हणायचे. त्या आसेला मी नावं ठेवणार नाही. पुढं जे केलं त्याला ठेवीन.

दीर अंगानं काटकुळा, पण पळायला असा की बस चुकली तर आडवाटेनं जाऊन पुढच्या फाट्यावर गाठायचा. पहिल्यांदा भरतीला बीदरला गेला तेव्हा साहेबांनी आधी छातीला फीत लावली. कमी भरली. पळायची पाळी यायच्या आतच पोरगं घरी. आता वयात बसणारी एकच भरती उरली होती. सासऱ्यांनी ठरवलं, वर्षभर दुसरं काही नाही, छाती भरायची.

गावच्या तालमीत आमच्या वस्तीतल्या पोरांना कोण घेतंय? म्हणून बीदरचा एक उस्ताद गाठला. गॅरेजच्या मागं पत्र्याचं शेड, त्यात लोखंडाची वजनं, आणि भिंतीवर उस्तादाचाच फोटो, अंगाला तेल चोपडून, नुसत्या चड्डीवर. फोटोपुरता तरी सदरा घालावा माणसानं! तो म्हणाला, "पैले माल भरो, बाद में तराशेंगे." म्हणजे आधी अंगावर मांस चढवायचं आणि मग ते कोरून काढायचं. सासरे घरी येऊन हेच वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लागले.

आता माल भरायचं काम कुणाचं? माझं. सकाळी उकडलेली अंडी, भिजवलेले शेंगदाणे, तांब्याभर दूध. दुपारी भाकरीची चळत, डाळीवर तुपाची धार. बाजाराच्या दिवशी मटण, तेही सगळं त्याच्याच ताटात. दोन म्हशींचं दूध एका नरड्यात जायचं आणि माझी लेकरं बिनदुधाचा चहा प्यायची. आमचे मालक हे सगळं बघायचे आणि बापापुढं गप बसायचे. तेवढीच एक कला त्यांना चांगली जमत होती.

आधी आधी दिराला मजा वाटली. मग घास उतरंना. पोट गच्च झालं की तो माझ्याकडं बघायचा, आणि सासूबाई शेजारी बसून म्हणायच्या, "अजून एक रं राजा, एकच." गोठ्यामागं जाऊन ओकायचा बिचारा. सासरे तिथं पेला घेऊन हजर. "गेलं ते गेलं, हे पी." काय बाप म्हणायचा हा! म्हशीला वैरण घालतानासुद्धा माणूस तिचं तोंड बघतो.

तरी मनासारखं अंग भरंना, म्हणून उस्तादानं गोळ्या दिल्या. बारक्या, पांढऱ्या, कागदाच्या पुडीत. त्या गोळ्यांनी मात्र भूक पेटली. जेवून उठला की पुन्हा चुलीपाशी. दोन-तीन महिन्यांत चेहरा असा गोल झाला की डोळे दिसंनात. दंडांवर, पोटावर जांभळ्या चिरा पडल्या. मांड्या घासून सोलून निघायच्या, मी खोबरेल गरम करून द्यायची. आडवा झाला की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायचा. जरा कुणी बोललं की ताट भिरकावायचा आणि घटकाभरानं तेच सांडलेलं गोळा करत रडायचा.

आणि गाव? गाव खूश! आठवडी बाजारात बैल बघावा तसे लोक त्याचा दंड दाबून बघायचे. "वा रे पैलवान!" सासरे शेजारी उभे, मिशीला पीळ देत. सूज कुठली आणि ताकद कुठली एवढं कळायला काय शाळा शिकावी लागते? पण कुणाला कळून घ्यायचंच नव्हतं.

एकदा मी भाकऱ्या थापत होते. दीर जवळ येऊन बसला, हळूच म्हणाला, "वैनी, मी पयल्यासारखा पळंल का वो?"

"पळून बघा की, भावजी. रस्ता कुठं गेलाय का?"

"अप्पा पळू देईनात. पळलं की वाळतंय म्हणतेत."

पोलीस करायला निघालेल्या पोराला पळायची बंदी! मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "अप्पाला कळतंय, तू कामून मधी बोलायलीस?" झालं, विषय संपला.

भरतीच्या दिवशी मी पण बीदरला गेले, कारण अंड्यांची आणि केळ्यांची पिशवी कुणीतरी धरायला पाहिजे होती. मैदानाच्या भिंतीला टेकून सासऱ्यांनी त्याला खाऊ घातलं. फीत लागायच्या आधी पोट भरलेलं असलं म्हणजे छाती वर येते, असा त्यांचा हिशोब. केळ्यांचा सबंध फणा खाल्ला त्यानं, वरून दूध. मग आतून कन्नडमध्ये पुकारा झाला. यंदा पळणं आधी, मापं नंतर.

सासरे फाटकावरच्या शिपायाला म्हणाले, "मागल्या खेपंला आधी फीत होती की वो!" शिपायानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दीर पळाला. पळाला कसला, हलत गेला. काटकुळी पोरं त्याला दोन्ही बाजूंनी मागं टाकून गेली. पहिला फेरा पुरा व्हायच्या आत तो गुडघ्यावर बसला आणि सकाळचं सगळं मैदानात बाहेर आलं. साहेब लांबूनच हात हलवत म्हणाले, "साकु, साकु." पुरे, पुरे. वर्षभर जी छाती भरली तिला फीत लागलीच नाही.

परतताना शेडवर गेलो तर उस्ताद म्हणाला, "हाजमा कमजोर है लडके का." आणि दुसऱ्या पोराच्या पाठीवर हात टाकून आत गेला. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घरात अंडी बंद. तूप बंद. दूध हॉटेलात जायला लागलं. गोळ्याही कुणी आणल्या नाहीत. माल खपला नाही ना, मग दुकान बंद! पण त्या पोराच्या पोटाला हे कुणी सांगायचं? अंग ठणकायचं, हातपाय गळून जायचे, आणि भूक तेवढी जशीच्या तशी राहिली होती.

असंच एका दुपारी मी शेतातून लवकर आले. दीर पिठाच्या डब्यापाशी बसला होता आणि ज्वारीचं कोरडं पीठ मुठीनं तोंडात कोंबत होता. ओठ, गळा, बनियन सगळं पांढरं. मला बघून दचकला आणि रडायलाच लागला. "वैनी, पोट भरंना वो. मी काय करू?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी चूल पेटवली. पहिली भाकरी त्याच्या हातात दिली, मीठ-तेल टाकून. त्यानं मोठा घास घेतला, तेवढ्यात सासरे दारात आले.

"आता कामून एवढं खायलास?" ते म्हणाले. "आता कुणाला छाती दाखवायचीय?"

दिराचं चावणं थांबलं. तोंडातला घास गिळावा का बाहेर काढावा हे त्याला कळंना. गाल फुगलेले, डोळे बापाकडं.

"खावा, भावजी," मी म्हणाले, आणि सासऱ्यांकडं बघतच दुसरी भाकरी तव्यावर टाकली.